ओळ दोनशे बाराची उंची

बेलापूरच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर
माझं टेबल नेमकं एसीच्या गळतीखाली येतं,
म्हणून कीबोर्डाशेजारी कायम एक स्टीलची वाटी.
काम सोपं: लोक बोलतात, मी चौकोनात भरते.
एक रकाना 'तक्रार', त्याला लागून 'शेरा',
मग 'तारीख', मग नुसती पांढरी जागा.

द्रौपदी काशिनाथ नाखवा, दिवाळे गाव,
पाटी पायाशी ठेवून एका दमात बोलली.
मी जसंच्या तसं उतरवलं,
तिच्या होरीची होडी केली नाही.

तेव्हा शेजारचे चौकोन रिकामे होते.
रिकाम्या शेजाराच्या अंगणात
वाक्य पसरतं, कुणी हरकत घेत नाही.
तिचं वाक्य शेरा ओलांडून, तारीख ओलांडून
थेट पडद्याच्या कडेपर्यंत गेलं होतं,
उधाणाचं पाणी गल्लीत शिरावं तसं.

मंगळवारी कुणीतरी शेऱ्यात लिहिलं: निकाली.
तीनच अक्षरं. वाक्य तिथं तुटलं.
"होरी चिखलान रुतली, धनी ढकलाला उतरला, आन"

'आन'च्या पुढे काही नाही.
पुसलेलं नाही, आत आहे सगळं,
चौकोनावर टिचकी मारली की वरच्या पट्टीत दिसतं.
पण छापलेल्या कागदावर
कितीही टिचक्या मारा.

आकडा मावला नाही तर निदान बोंब मारतो,
#### असं कुंपण उभं करतो दारात,
आणि साहेब लगेच म्हणतात, "अहो, रकाना रुंद करा."
शब्द मावला नाही
तर मुकाट कापला जातो.

मी रॅप टेक्स्ट दाबलं.
वाक्य दुमडलं, ओळ मात्र जागची हलेना;
कुणीतरी तिची उंची पंधरावर बांधून ठेवली होती.
पंधरा हे त्यांचं माप, ज्यांच्या अक्षरांना
वर रफार नाही, खाली उकार नाही.
आमच्या वेलांट्या छताला घासतात,
मात्रा उडून जातात.
होरीचा हारा झाला.

रेघेवर दोनदा टिचकवलं की ओळ आपसूक वाढते म्हणे.
पण शोभेसाठी कुणी दोन चौकोन मर्ज केले होते,
आणि मर्ज केलेलं काही आपसूक वाढत नाही
(आमचे दोन विभाग मर्ज झाले तेव्हा
खुर्च्यासुद्धा वाढल्या नाहीत).
मग हातानंच कड धरली, ओढली.
तीस. अठ्ठेचाळीस. एकाहत्तर.
शहाण्णवला ती पुरती वर आली:

"... आन पायान काच घुसली.
तवापासून उंबऱ्याव बसून जाली विनतो,
ती जाली टाकाला कोन नाय.
गाल काढा नाय काढा, तुमची मर्जी,
पायऱ्यांव एक दिवा तेवरा द्या."

गाळाची फाईल पुढे सरकली होती, म्हणून निकाली.
दिवा कुणाला दिसलाच नव्हता.

टिपणीस साहेबांनी प्रिंट हातात घेतली.
"एका पानाची दोन पानं कशी झाली?"
"दोनशे बारा उंच झाली, साहेब."
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद जवळ नेला,
आणि उंच होती म्हणूनच
वाचली. शेवटपर्यंत.
जरा वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "दिवा आपल्याकडे येत नाही.
विद्युतच्या शीटमध्ये टाक. नवी ओळ उघड."

वाटीत थेंब पडला.
खिडकीबाहेर पाम बीचचे दिवे लागले,
सगळे एकदम, एकही न चुकता.

नवी ओळ. पंधराची.
नाव लिहायच्या आधी
मी तिची खालची कड धरली
आणि ओढायला लागले.