टेबलाखालचं बटण

आर्किटेक्ट म्हणतो, ही भिंत गेली
की घर मोकळा श्वास घेईल.
त्याचं वय एकोणतीस.
घरं श्वास घेतात असं कॉलेजात शिकवत असावेत.

काबाशितो, पाचवा मजला, ब्युनोस आयर्स.
सिरिलोने सकाळी पहिला घण घातला.
पिवळ्या रंगाखाली हिरवा निघाला,
हिरव्याखाली, माझ्या जन्माआधीचा,
कसलासा गुलाबी.

भिंतीपलीकडे एर्मेलिंदाची खोली.
दोन मीटर बाय दीड.
दार पुरतं उघडायचं तर आधी खाट उचलायची.
चाकोहून आली तेव्हा ती सतरा वर्षांची,
राहिली एकवीस वर्षं.
मी त्या खोलीत दोनदा गेले असेन,
दोन्ही वेळा काहीतरी मागायला.

विटांच्या पोटात वायर सापडली, कापड गुंडाळलेली.
सिरिलो तिचा माग काढत गेला,
पॅसेजमधून, फरशीखालून,
आणि आईच्या खुर्चीच्या जागी थांबला.
लाकडात बसवलेलं पितळी बटण,
टाचेने दाबायचं.

मला ठाऊक होतं ते.
पाहुणे नसले की मी उगाच दाबायचे
आणि ती यायची,
हात पुसत,
दर वेळी.

सिरिलोने गंमत म्हणून बॅटरी जोडली.
घंटा वाजली.
घरभर चुन्याची धूळ, आणि मधोमध ती,
मध्ये काही घडलंच नाही अशी खणखणीत.
परवाच आसुन्सिओनहून आलेला त्याचा भाचा
येर्बाचा पेला तसाच ठेवून
ताडकन उभा राहिला.
कुणी काही बोललं नाही.
मग त्यानेही उगाच पँट झटकली.

इथे ओटा येणार, बेटासारखा,
चारी बाजूंनी मोकळा.
रांधणारा आणि जेवणारा एकमेकांना दिसतील, म्हणे.
रांधा, वाढा, उष्टी काढा,
सगळं एकाच उजेडात.
काढणार मीच, नाहीतर मशीन.

संध्याकाळी वृद्धाश्रमात फोन केला.
आई, स्वयंपाकघराची मागची भिंत पाडली.
कशाला, म्हणाली,
तिच्यापलीकडे तर काहीच नव्हतं.
आणि मग जेवणात मीठ कमी असल्याचं
बराच वेळ सांगत राहिली.

पितळ चांगलं आहे, सिरिलो म्हणतो,
काढू की बुजवू?
सांगते म्हटलं उद्या.

उद्या फरशी घासायचं मशीन येणार,
आठ वाजता.