कथड्यातला कठडा

अर्जावर मी लिहिलं : राहणार कथडा, जुने नाशिक.
विषय : कठडा.
खिडकीतल्या पगारबाईंना वाटलं, माझा हात घसरला.
त्यांनी लाल पेनाने एक अक्षर सुधारलं.
पावती हातात आली तेव्हा कळलं :
'गॅलरीस कथडा बसविणेबाबत.'
म्हणजे घराला मोहल्ला बसवायचा होता मला.

गॅलरी सागाची, पहिल्या मजल्यावर,
कठडा माझ्या गुडघ्याच्या चार बोटं वर.
मांडी घालून रस्ता बघायला केलेला.
तेव्हाचे लोक बसत असतील.
मुनव्वर चालतो.
झोपेत.

सातपूरहून सेकंड शिफ्ट करून येतो,
आठ तास प्रेसखालून बोटं मोजून परत आणतो,
आणि तीनच्या सुमारास उठून, डोळे उघडे,
निघतो.
सकाळी सांगितलं तर हसतो :
"मी? मग चप्पल कुठली घातली होती?"

म्हणून ओढणीचं एक टोक त्याच्या मनगटाला,
दुसरं माझ्या.
कूस बदलायची तर दोघांनी बदलायची.

अर्जात 'कारण' असा रकाना होता, दोन ओळींचा.
मी 'झोप' लिहिलं, खोडलं,
'सुरक्षा' लिहिलं.

अकराव्या महिन्यात समितीचे साहेब आले.
समोरच्या नळापाशी उभे राहिले, एक डोळा मिटून,
अंगठा आमच्या घरावर धरून.
म्हणाले, नक्षी जुनी आहे, हात लावू नका.
आतून काय करायचं ते करा,
फक्त इथून, रस्त्यावरून, दिसता कामा नये.
मी म्हटलं, सांभाळायचं, पण सांभाळलेलं दिसू द्यायचं नाही.
ते म्हणाले, बरोबर.
हे काम मी सात वर्षं करतेय, साहेब,
असं मी म्हटलं नाही.

वडाळा नाक्याचा गांगुर्डे फॅब्रिकेटर आला.
कठड्यापासून हातभर आत, साडेतीन फूट उंच,
साधा पाइप. बोल्ट फळीत नाही, खालच्या तुळईत.
"साग आहे वहिनी, ड्रिल रडतंय."
भुशाचा वास दोन दिवस वरणालाही आला.

मग रंग.
तो वर फळकुटावर तपकिरी लावून धरायचा,
मी खाली नळापाशी.
"दिसतंय!" "आता?" "अजून दिसतंय!"
पाण्याला आलेल्या बायका हंडे ठेवून बघत राहिल्या,
एक रिक्षावाला म्हणाला, काळा घाला थोडा.
चौथ्या वेळी फळकूट गेलं.
दुपारी चारला पागोळीखाली जो अंधार असतो
त्या रंगाचं झालं.
दुकानातल्या कार्डावर त्याला नाव नव्हतं.

त्या रात्री मी गाठ सोडली.
मनगट हलकं झालं आणि झोपच येईना.
तीन वाजून गेले. तो उठला.
मी उठले नाही. हे माझं मलाच लिहून ठेवावंसं वाटतं :
उठले नाही.
दार करकरलं. चार पावलं.
मग थांबणं.
किती वेळ ते माहीत नाही. खाली एक कुत्रं
भुंकायचं ठरवून गप्प बसलं.
मग चार पावलं परत,
आणि खाट.

सकाळी मोरीत तो बराच वेळ उभा होता.
दोन्ही तळहात उघडे, पुढे धरलेले,
त्यांवर आडवा पट्टा, तपकिरी, ओला होता तेव्हाचा.
साबण तसाच कोरडा.
चपलेचं काही बोलला नाही.
मी टर्पेंटाइनची बाटली आणि जुनी ओढणी दिली.
त्याने ओढणी ओळखली.
दुसऱ्या टोकाने हात पुसले.

गांगुर्डे दुसरा हात मारायला आला,
म्हणाला, इथं कोणी धरलं का हो, ठसे पडलेत.
म्हटलं, तेवढं सोडून मारा.

परवा साहेब पुन्हा येऊन गेले. नळ, डोळा, अंगठा.
शेऱ्यात लिहिलं : बदल आढळला नाही.
पगारबाईंनी शिक्का मारला,
आणि 'कथडा' तसाच राहिला.