मुका आर्ट्स

सोलापुरात 'बे' ही शिवी नाही.
बाप पोराला म्हणतो, पोरगं बापाला,
देवळातून निघालेला माणूस हरवलेल्या चपलेला म्हणतो,
कुठं गेलीस बे.
महापालिकेत नवे आलेले धायगुडे साहेब पुण्याचे.
शिपायाच्या पहिल्याच 'बे'ला खुर्चीतून उठले.
दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी: सभ्य भाषेत बोला.
ती मीच रंगवली. चारशे रुपये, अजून बाकी आहेत.

मी बोलत नाही. जन्मापासून.
ऐकतो मात्र सगळं, तेही तीन भाषांत.
मराठीत मी मुका, तेलुगूत मूग, कानडीतही मूग,
आणि गिळले तेही मूगच.
दुकानाला नाव मामानं दिलं, मुका आर्ट्स,
म्हणाला, गिऱ्हाईक विसरणार नाही.
सर्टिफिकेटावर आता दिव्यांग आहे.
खिडकीतल्या बाई म्हणाल्या, दिव्यांग बांधवांनी बाजूला थांबा.
थांबलो. त्यांची जेवणाची सुट्टी झाली,
संपली,
बांधव उभाच.

अशोक चौकात मल्लिनाथ तीस वर्षं ओरडतोय,
मुक्या, साखर किती बे?
किती ते त्याला पाठ आहे.
तरी माझं बोट वर झाल्याशिवाय कप भरत नाही.

त्याच्याच बाकावर परवा पेटलं.
मागच्या गल्लीचं नाव बदललं होतं.
जुन्या नावात एक जात होती, उघडीवाघडी,
पोस्टाच्या शिक्क्यापर्यंत पोचलेली.
चिप्पा मास्तर म्हणाले, हा इतिहास आहे, पुसून काय साधणार?
जब्बार म्हणाला, इतिहास ऱ्हाऊ द्या, मी सवारी कुठं सोडू?
मेडिकलवाली कुंदा गोळ्या मोजता मोजता म्हणाली,
सर, तुमच्या पत्त्यात काय आहे?
रेल्वे लाईन्स, म्हणाले मास्तर, आणि चहा गार झाला म्हणून कुरकुरले.
कुणी तरी म्हणालं, आता बोलायचीच चोरी झालीय राव.
सगळे माझ्याकडे बघून हसले.
मीही हसलो. चांगला होता.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी शिडी लावली.
पांढऱ्याचा पहिला हात द्यायला ब्रश उचलला
तर खालून आवाज: रंग देऊ नको त्याच्यावर. खरवड.
पुतळाबाई. जुन्या गिरणीत रीळ खात्यात होत्या.
मी खुणेनं सांगितलं, रंगाखाली झाकून जाईल.
खाली गेलं म्हंजे खाली असंलच की, त्या म्हणाल्या,
आणि शिडी धरून उभ्या राहिल्या.
मग माझ्याकडे न बघता:
थोरल्याच्या मुलाखतीला साहेबानं पत्ता दोनदा वाचला.
दुसऱ्यांदा मोठ्यानं.

नवं काय लिहिणार, ते त्यांनी विचारलंच नाही.

पत्रा हट्टी. अक्षरं माझीच, एकोणनव्वद सालची,
तेव्हाचा रंग धरून ठेवायचा.
वेलांटी किती झोकात काढली होती मी.
तिच्यासाठी शाबासकी मिळाली होती, वर पाच रुपये.
खरवडताना ती शेवटपर्यंत सुटेना.

माझं नाव मला टोचत नाही.
मल्लिनाथच्या तोंडून तर नाहीच.
पण गेल्या महिन्यात त्याचा पोरगा फोनवर म्हणाला,
थांब जरा, तो मुका आलाय,
आणि दोन चमचे साखरेचा चहा कडू लागला.
पुतळाबाईंना विचारावंसं वाटलं,
तुमच्या त्या नावानं कधी कुणी मायेनं हाक...
बोटांनी विचारता येतं.
नाही विचारलं.

दोन तासांनी पत्रा उघडा पडला, उन्हात डोळ्यावर येणारा.
फक्त उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरांत
काही तरी उरलं होतं.
ते काय ऱ्हायलंय? पुतळाबाईंनी विचारलं.
मी छातीवर हात ठेवला.
त्यांनी डोळे बारीक केले, एकेक अक्षर लावून वाचलं,
आणि वर बघून म्हणाल्या,
हे काय नाव व्हय बे?

खरवडणी हातातच होती.
चहा घेऊन मल्लिनाथ गल्लीत शिरत होता.