एकसष्ठ

सावद्याला, स्टेशन रोडच्या पिकवणी केंद्रात,
जनरेटर आणि भिंत यांच्यामधल्या खोलीत
मी चेंबर नावाचा क्लास लिहिला.
आत तापमान, वायू, दाराची स्थिती.
घाई होती.
सगळं पब्लिक ठेवलं.

बघू दे की कुणालाही, म्हटलं.
बघणाऱ्याला लिहिताही येतं
हे मला माहीत होतं,
माहीत असलेलं दर वेळी आठवतंच असं नाही.

मे महिना. सावलीत सेहेचाळीस.
शेठचा पुतण्या पराग, पुण्याहून नुकताच परतलेला,
त्यानं मोबाईलवरून थेट तापमानात हात घातला
आणि लिहिलं: एकसष्ठ.
त्याच्या डोक्यात फॅरनहाइट होतं.
माझ्या क्लासनं विचारलं नाही,
भो, एकसष्ठ म्हणजे काय?
विचारायला तोंडच ठेवलं नव्हतं मी त्याला.
यंत्र आज्ञाधारक. त्यानं गार करणं सोडून दिलं.

दारावर रुबाब तडवी होता, रात्रभर जागा.
चोवीस तास कडी काढायची नाही
असं मीच त्याला बजावलेलं.
पहाटे शेठ स्वतः आला, तरी तो म्हणाला,
अजून तीन तास, मालक.
तीन तासांनी दार उघडलं.
सहाशे क्रेट. शिजल्यासारखा
गोड, आजारी वास.

लाकडी दाराला राखणदार होता.
मी लिहिलेल्याला नव्हता.
शेठ रुबाबला काही बोलला नाही,
तरी तो दिवसभर
गुन्हेगारासारखा पाणी भरत राहिला.

त्या रात्री मी तापमान प्रायव्हेट केलं.
आता जो येईल त्यानं खिडकीशी यावं,
आकडा सांगावा.
तेराच्या खाली नाही. विसाच्या वर नाही.
नाही म्हणताना कारणही सांगीन,
आणि कोण आलं होतं, किती वाजता, ते लिहून ठेवीन.
रावेरला दुसरं केंद्र निघतंय,
तिथला क्लास याच्याच पोटचा,
त्याच्यापुरतं थोडं प्रोटेक्टेड.
घरातल्याला माजघर, तिजोरी नव्हे.

पराग म्हणाला, मला फ्रेंड करून टाका ना, वारके मॅडम,
तेवढी सोय आहे भाषेत.
आहे.
पण ज्याचं आत आहे त्यानंच ती जाहीर करायची असते,
बाहेरून मागून मिळत नाही.
आणि मी तुला मित्र म्हटलं
तरी तू मला म्हटलंस असं होत नाही,
तुझे मित्र तर माझे कुणीच नाहीत.
तो हसला. मीही, थोडी उशिरा.

आता व्यापारी येतात, विचारतात, माल कधी?
रुबाब उठतो, दाराला तळवा लावतो,
क्षणभर डोळे मिटतो.
अजून दीड दिवस.
माझा सेन्सर तेच सांगतो, पाच मिनिटांनी.

कसं कळतं, मी एकदा विचारलं.
हाव ताई, कळतं, म्हणाला
आणि बिडी पेटवायला अंगणात गेला.
पुन्हा विचारलं नाही.
उत्तर बरोबर येतंय तोवर
आतलं त्याचं.