शेऱ्याचा रकाना

नकाशावर निळी रेषा आहे, तिच्याबाहेर लाल.
मधल्या पट्ट्याला हप्त्यात साठ टक्के सवलत,
वरच्या माळाला पूर्ण दर.
रेषा पाटबंधारे खात्याकडून येते, दर मुंबईहून,
आणि माझ्या खिडकीशी माणसं.
मी फक्त टंकतो.

दस्तगीर पिंजारी येतो
तो मिशीत कापूस घेऊनच.
शुक्रवार पेठेत, पंचगंगेकडच्या उतारावर गाद्यांचं दुकान.
“भिजल्याली गादी उचलून बघितलासा कधी?
चार माणसं लागत्यात. मढ्यालाबी चारच.”
चौकटीवर त्यानं लेकीची उंची कोरलीय,
शेजारी पाण्याची.
एकोणीसला पाणी तिच्या डोक्यावरून गेलं.
एकवीसला ती बोटभर वर.
रेषा नेमकी त्याच्या भिंतीतून जाते :
गाद्या आत, गल्ला बाहेर.
“मग गल्ल्याचा हप्ता गाद्यांकडनं घ्या,” म्हणाला,
आणि हसला नाही.

त्याच्या मागं रांगेत आक्काताई मगदूम,
गिरोलीच्या माळावरच्या.
पावती खिडकीच्या फळीवर आपटली.
“माझ्या उंबऱ्याला पाणी लागायचं
तर आधी निम्मा जोतिबा बुडाय पायजे.
मग मी कुणाचं पाणी भरतोय गा?
उन्हाळ्यात टँकर मागितला, तवा यादीत नव्हतो.
पुराच्या यादीत बरं सापडलो!”

मी समजावलं. जोखीम सगळ्यांनी वाटून घ्यायची असते,
वगैरे.
परिपत्रकाचा आवाज माझ्या तोंडाला
आता जर्द्यासारखा सरावलाय.

ती ऐकत होती. मग दस्तगीरकडं न बघता म्हणाली,
“एकोणीसला अकरा दिवस
चिखलीची तेवीस माणसं माझ्या सोप्यात हुती.
सात म्हशी परड्यात.
भाकरी थापल्या तवा म्या मोजल्या न्हाईत.
आता तुम्ही मोजायला बसलाईसा,
तर माझ्याबी मोजा की.”

रांग गप्प झाली.
पंखा तेवढा फिरत होता, सरकारी गतीनं.
दस्तगीरनं मिशीतला कापूस काढला,
बोटांत वळत राहिला.

माझं घर विचाराल तर
लाल रेषेच्या हातभर आत. दुसरा मजला.
पाणी कधी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलं नाही.
सवलत मात्र दरवर्षी येते.
हे मी तिला सांगितलं नाही.

संगणकात भाकरीचा रकाना नाही.
शेरा आहे, तीस अक्षरांचा.
लिहिलं : अकरा दिवस, तेवीस माणसं, सात

आणि पुढं कर्सर सरकेना.
म्हशी बाहेरच राहिल्या.

“झालं?” तिनं विचारलं.
पूर्ण दरानं पैसे मोजले, सुट्ट्यासकट,
आणि जाता जाता दस्तगीरला म्हणाली,
“एक गादी करून ठेव. मोठी.
ह्या वर्षी आलासा तर
खाली घोंगड्यावर निजाय नको.”

बाहेर कुणीतरी राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगत होतं.
अडतीस फूट, चार इंच.
मी पुढचं नाव घेतलं.