पंधरा सेकंद

नवव्या मजल्याच्या वर, लिफ्टच्या खोलीत,
जिथे दिवा कधी कुणी बसवलाच नाही,
श्मावोनच्या छातीशी मीटर दोरीनं लटकायचं,
एका हातात तांबडी सुई, एका हातात काळी,
आणि दर पंधरा सेकंदांनी पडद्यामागचा उजेड
नको असलेल्या पाहुण्याच्या चहासारखा आटपायचा.
मग तांबडी सुई दातांत धरून
तो अंगठ्यानं बटण दाबायचा.
(डोक्याला टॉर्च बांधायला तो खाणकामगार नाही, म्हणतो.)
विजेजवळ तोंड नेऊ नये,
हे पहिल्या दिवशी मला त्यानंच शिकवलं होतं.

मीटर स्वस्तातलं. येरेवानच्या बाजारातून
दोन किलो सुक्या जर्दाळूंच्या भावात आणलेलं.
रविवारी, दुकान बंद असताना, मी त्याची पाठ उघडली.
चार स्क्रू, एक आधीच गायब.
आत काळ्या लाखेचा थेंब, त्याखाली मेंदू,
आणि बाजूला आठ पायांची एक चिप,
तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठी,
दोनशे छप्पन्न खणांची.
चिमट्यानं तिचे पाय धरले. लॅपटॉप खिडकीत,
कारण चार्जर तिथवरच पोहोचतो.
आधी नक्कल काढली, नाव दिलं: मूळ.
हे शहाणपण मागच्या वर्षीचं,
एका वॉशिंग मशीनचं डोकं कायमचं पुसल्यावर आलेलं.

कुठल्या खणात काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.
एक आकडा बदलायचा, मीटर चालू करायचं,
आणि बघायचं काय बिनसलं.
एका खणात बॅटरी संपण्याची धास्ती होती,
एकात 'पीं' करण्याची घाई.
एकात तापमान मोजायची अख्खी विद्या
कुलपात पडलेली;
महागड्या थोरल्या भावाला ती मोकळी दिली,
याला नाही. चिप मात्र तीच.
कुलूप काढलं. तबकडीवर त्या जागी काहीच छापलेलं नव्हतं,
तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला, डाळिंबी.

आणि मग सापडले पंधरा सेकंद.
यंत्राच्या लिपीत शून्य-एफ.
मी लिहिलं बी-चार. एकशे ऐंशी.

सोमवारी त्यानं सुया प्लगात खुपसल्या
आणि मीटर सोडून माझ्याकडे बघितलं.
"दोनशे बारा? वानाद्झोरात? या गल्लीत?
कारखाना बंद पडल्यापासून
इथली वीज दोनशे छत्तीसच्या खाली आलेली नाही.
खायलाच कोणी उरलं नाही तिला."
शेजारच्या खणाला माझा धक्का लागला होता.
'मूळ'मधून तो एक आकडा परत नेऊन ठेवला.
दोनशे सदतीस.
"आलं शुद्धीवर," तो म्हणाला,
आणि काय केलंस, ते विचारलं नाही.

मला वाटलं, झालं काम.
पण वर, त्या अंधारात,
पंधरा सेकंद झाले की सुई दातांत,
अंगठा उठायचा, बटण दाबायचा,
आणि चांगला जळता उजेड विझायचा.
मग शिवी, थेट नगरपालिकेला.
पुन्हा बटण, पुन्हा उजेड,
पुन्हा पंधरा.

हे त्याचं चौथं मीटर. अंगठा तोच.
त्याला चिमट्यात धरायला पाय नाहीत.
एका रात्री शून्य-एफ परत लिहायला बसले,
एंटरवर बोट ठेवलं,
उचललं. झोपले.

काल रेल्वे वसाहतीत, सहावी इमारत.
लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकलेली,
आत आर्पिक मावशी आणि तिचा बटाट्यांचा पोता.
श्मावोन फ्यूज शोधत होता, मी मनात मोजत होते.
तेरा. चौदा.
सुई हातातच राहिली.
अंगठा उठला,
बटणापासून बोटभर अंतरावर
निळ्या उजेडात थांबला,
ना खाली, ना वर.

"अहो," खालून आवाज आला,
"कुणी आहे का तिथे?"