कानावरची खूण

मालार्ग्वेच्या माळावर पाण्याचं एक पिंप,
दुसरं त्याच्यापासून दीड किलोमीटर लांब,
असं पार डोंगरापर्यंत.
प्रत्येकाच्या पोटात बारा हजार लिटर पाणी
आणि ठार काळोख.

एलेउतेरिओ बॅटरी बदलायला आलाय.
गुरांनी अंग घासून
एका बाजूचा रंग उडवलाय.
सावलीला दोन्या इस्मेनिया बसलेली,
शेळ्या काटेरी झुडपांत पांगलेल्या.
दर खेपेचा तिचा प्रश्न:
"आलं का काही?"

"आत्ता, तुम्ही विचारलंत तेवढ्यात,
हजारो. पाण्यात निळसर चमकतं, विझतं.
आत नळ्या आहेत, त्यांना दिसतं."

"कुठून येतं?"

इथे तो पाना खाली ठेवतो.

कुठे तरी एक तारा फुटला असेल.
त्यातून एक कण सुटला,
अणूचा नुसता गाभा,
अंगावर एक इलेक्ट्रॉनसुद्धा नाही.
सरळ आला असता
तर काही हजार वर्षांत पोचला असता.
पण आकाशगंगेत सगळीकडे चुंबकाची बारीक ओढ आहे,
फ्रिजच्या दारावरच्या चुंबकाच्या
कोटीव्या हिश्शाएवढी.
ती थांबवत नाही, वेगाला हात लावत नाही,
फक्त वळवते.
वळवते,
आणि पुन्हा वळवते.

एक-दीड कोटी वर्षं तो असाच,
धुळीच्या ढगांतून,
अजून न पेटलेल्या ताऱ्यांच्या शेजारून,
कडेपर्यंत जाऊन माघारी,
गेलेल्याच वाटेने कितीदा तरी.
शेवटी आपल्या हवेवर आदळतो, त्याच्या ठिकऱ्या होतात.
पिंपात पडतात त्या ठिकऱ्या.

"म्हणून तो आला त्या दिशेला बोट दाखवलं, दोन्या,
तर तिकडे कुणीच नसतं."

इस्मेनिया गवताची काडी चावत राहते.
"माझी पांढरी शेळी," ती म्हणते,
"तीन उन्हाळे हरवली होती.
गेली उत्तरेला, आली दक्षिणेकडून.
एका कानावर माझी खूण,
दुसऱ्यावर आणखी कुणाची तरी."

"मग?"

"मग काय. दूध काढलं."

तो हसतो. झाकणाचे स्क्रू आवळतो,
वहीत वेळ लिहितो, तारीख लिहितो,
गाडी सुरू करतो.
पुढचं पिंप इथून दिसतंय, उन्हात, अगदी समोर.
मध्ये कुंपण, कोरडा ओढा, खारी दलदल.
चाळीस मिनिटं तरी लागतील.